सड, पावनभूमी आणि साधी हिरवळ

व्हिडिओ गेम हा दिवाळी अंकातल्या टीकालेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात उभा राहील. कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांवर लिहिताना आपल्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. खेळावर लिहायचे म्हटले की मात्र आधी हात जोडावे लागतात. मी ते फार वेळ जोडून ठेवणार नाही. ज्या कृतीत एक जग रचलेले असते, त्या जगाला स्वतःचे नियम असतात आणि ते नियम माणसाच्या वागण्याविषयी काही सुचवीत असतात, त्या कृतीची समीक्षा करता येते, आणि करावीही. ‘टेरारिया’ हा खेळ या कसोटीला उतरतो असे माझे मत आहे. त्यातला एकच भाग, म्हणजे एकमेकांवर चालून जाणाऱ्या भूप्रदेशांचा भाग, मला इतका मोलाचा वाटतो की या लेखात मी त्यापलीकडे फारसा जाणार नाही.

ज्यांच्या घरी हा खेळ अजून शिरला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रि-लॉजिक या मंडळीने तो १६ मे २०११ रोजी प्रसिद्ध केला. अँड्र्यू स्पिंक्स हा त्याचा मुख्य कर्ता. विहीर खणताना जमिनीचा उभा छेद जसा नजरेला पडतो, तसे या खेळातले जग बाजूने दिसते: वर आकाश, खाली माती, मग दगड, मग गुहा आणि अगदी तळाशी लाव्हाने भरलेले पाताळ. हे सारे चौकोनी घरांचे बनलेले असते. नेहमीच्या तीन आकारांतले मोठे जग ८४०० घरे रुंद आणि २४०० घरे खोल असते. म्हणजे एकूण दोन कोटींहून जास्त घरे झाली. त्यांतली बहुतेक घरे खेळाडूला फोडता येतात आणि पुन्हा भरताही येतात. गोष्ट अशी ठरलेली नाही. खणावे, बांधावे, रात्री येणाऱ्या भुताखेतांशी लढावे आणि हळूहळू त्या जगात आपला संसार मांडावा. तिथला एक दिवस आणि एक रात्र मिळून आपली २४ मिनिटे होतात.

या जगात वाळवंट आहे, बर्फाळ मुलूख आहे, घनदाट जंगल आहे, दोन टोकांना समुद्र आहे. खेळणारी मुले यांना ‘बायोम’ म्हणतात. मी ‘भूप्रदेश’ म्हणेन. प्रत्येक भूप्रदेशाची झाडे निराळी, प्राणी निराळे आणि संगीतही निराळे. स्कॉट लॉइड शेली या संगीतकाराने ते इतके नेमके बांधले आहे की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही आपण सीमा ओलांडली हे कळावे. आणि या सर्वांच्या मध्ये, जिथे खेळाडू पहिले पाऊल टाकतो तिथे, असते साधी हिरवळ. चार झाडे, दोन ससे, गवत आणि फुले. तिच्याकडे पहिल्या दिवशी कोणाचेही लक्ष जात नाही.

आता प्रतिस्पर्धी. पहिल्याचे मूळ नाव ‘करप्शन’. आपल्याकडे या शब्दाने टेबलाखालचा हात आठवतो. इथे त्याचा जुना अर्थ घ्यायचा, सडणे, किडणे. म्हणून मी त्याला ‘सड’ म्हणतो. जांभळे गवत, खोल उभ्या दऱ्या आणि त्यांतून वर झेपावणारे जबडे. दुसरा ‘क्रिमसन’, म्हणजे रक्तभूमी. तिथली जमीनच जणू मांसाची असते. ही रक्तभूमी २०१३ च्या ऑक्टोबरात खेळात आली. नवे जग निर्माण होते तेव्हा साधारणपणे या दोहोंपैकी एकच त्यात असते. तिसऱ्याचे नाव ‘हॅलो’. दूरध्वनीवरचे ‘हॅलो’ ते नव्हे. हा शब्द पावन करण्याशी नाते सांगणारा आहे, म्हणून मी त्याला ‘पावनभूमी’ म्हणेन. निळसर गवत, इंद्रधनुष्यातल्या रंगांची झाडे, उडत्या पऱ्या आणि कपाळावर शिंग असलेले शुभ्र घोडे असे तिचे रूप. ही पावनभूमी खेळाच्या आरंभी कुठेच नसते. ती कशी येते, हेच या खेळाचे मर्म आहे.

खेळाच्या पहिल्या भागात सड हळू पसरते. गवतावरून गवतावर सरकत जाणारी ती एक खोड आहे इतकेच. माणूस तिच्याकडे काणाडोळा करू शकतो, आणि करतोच. पुढचा भाग सुरू होण्यासाठी मात्र खेळाडूला एक कृत्य करावे लागते. पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत एक मार्गदर्शक असतो. काय गोळा करावे, कशापासून काय बनते, हे तो बापडा विचारले की सांगत असतो. पाताळात उतरायचे, त्या मार्गदर्शकाचे बाहुले लाव्हात टाकायचे, आणि तो मेला की मांसाची एक अवाढव्य भिंत जिवंत होऊन जगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालू लागते. ती पाडली की प्रकाश आणि अंधार यांच्या जुन्या शक्ती मोकळ्या झाल्याचे खेळ जाहीर करतो. त्या क्षणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन तिरपे पट्टे जगातून आरपार निघतात: एक सडीचा किंवा रक्तभूमीचा, दुसरा पावनभूमीचा. आता दोन्ही केवळ गवतावरून पसरत नाहीत; दगड, वाळू, बर्फ यांतूनही ती जमिनीच्या पोटात चालू लागतात.

शाळामास्तर म्हणून या प्रसंगावर मला दोन शब्द बोललेच पाहिजेत. शिकवणाऱ्याला आगीत टाकल्याशिवाय शिष्याची प्रगती नाही, ही कल्पना आमच्या व्यवसायातल्या माणसाला थोडी झोंबणारीच. पण विनोद बाजूला ठेवला तरी कलेच्या दृष्टीने हा प्रसंग खेळाने वाया घालवला आहे. मार्गदर्शक मरतो, आणि त्याचे घर रिकामे असले तर थोड्या वेळाने नवा मार्गदर्शक येऊन त्यात राहू लागतो. ना शोक, ना जाब. कादंबरीकाराच्या हातात असा प्रसंग आला असता तर त्याने पुढची शंभर पाने त्याच्या सावलीत लिहिली असती. तरीही एक गोष्ट खेळाने अचूक साधली आहे. ते दोन पट्टे आपोआप उमटत नाहीत. खेळाडू पाताळात उतरला नसता तर हिरवळ तिच्या जुन्या संथ संकटासह तशीच राहिली असती. नवे धन, नवी हत्यारे, नवे सामर्थ्य हवे म्हणून त्यानेच ते दार उघडले. पुढे तो जे सारे आयुष्यभर निस्तरत राहतो, ते त्याच्याच इच्छेचे फळ असते.

आता पावनभूमीकडे वळू. नवखा खेळाडू तिला पाहून हरखतो. सड ही दुष्ट, म्हणून तिच्या विरुद्ध उभी असलेली ही सुंदर भूमी सज्जन, असा हिशेब तो मनात मांडतो, आणि पाऊल टाकताच तो शुभ्र घोडा त्याच्यावर शिंग रोखून धावून येतो. माझ्या पुतण्याने मला हे फार थोडक्यात सांगितले. “काका, ती बाजू चांगली नाही हो,” तो म्हणाला, “ती फक्त छान दिसते.” समीक्षेच्या परिभाषेत हे वाक्य मांडायला मला दोन परिच्छेद लागले असते.

पावनभूमीही हिरवळ गिळते. सडीइतक्याच निर्विकारपणे ती गवताचा रंग बदलते, दगडाला आपलेसे करते. २०२० च्या मे महिन्यात खेळाची मोठी सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हा या भूमीला एक सम्राज्ञीही मिळाली, प्रकाशाची सम्राज्ञी. रात्री तिथे फिरणारे एक नाजूक, चमकते पाखरू मारले की ती येते. आणि रात्रीऐवजी भर दिवसा तिच्याशी सामना झाला तर तिचा एकेक घाव प्राणघातक ठरतो. प्रकाशाची देवता दिवसाउजेडीच सर्वांत भयंकर, ही कल्पना ज्याला सुचली तो केवळ खेळ बनवीत नव्हता, असे मला वाटते.

आपल्या साहित्याला, आणि आपल्यालाही, संघर्ष म्हटला की दोनच पक्ष दिसतात. नायक आणि खलनायक, सासू आणि सून, गाव आणि शहर. एक वाईट ठरला की दुसरा आपोआप चांगला होतो. लेखकाला त्याचे चांगुलपण वेगळे सिद्ध करावे लागत नाही. हा सोपेपणा मी माझ्या धंद्यात रोज पाहतो. ‘टेरारिया’ने या जोडीत तिसरा पक्ष आणला आहे, आणि तो पक्ष म्हणजे ती साधी हिरवळ. सड आणि पावनभूमी ही एकमेकांची वैरी खरी, पण दोघींच्या भांडणात जमीन जाते ती तिसरीची. हिरवळीला ना राक्षस, ना परी. ती मोकळ्या मातीवर हळूहळू वाढते, पण किडलेल्या भूमीवर चाल करून जात नाही. तिला स्वतःचे सैन्यच नाही.

हे काही परदेशी कल्पनेचे लाड नव्हेत. घाणेरी आपल्या देशात आली ती फुलांसाठी, शोभेची म्हणून. आज डोंगरउतारांवर तिच्या जाळ्या माजल्या आहेत आणि त्यांखाली गवताला ऊन मिळत नाही. जलपर्णीचे जांभळे तुरे पाहून कोणाचेही मन प्रसन्न होईल. नदीकाठी राहणाऱ्यांना मात्र त्या तुऱ्यांखालचे पाणी ठाऊक आहे. सौंदर्याने जमीन बळकावली तरी ती बळकावलेलीच असते, हे आपल्याला शेतात कळते. पुस्तकात कळायला वेळ लागतो.

मग हिरवळीचे रक्षण कोणी करायचे? खेळाडूने. आणि ते कसे करायचे, इथे हा खेळ मला सर्वांत जास्त भावतो. तलवारीने काही होत नाही. सडीतले शंभर जबडे मारले तरी जमीन एक घरही परत मिळत नाही. कामाला येते ती कुदळ. ही लागण तीन घरांच्या पल्ल्यापर्यंत पोहोचते, म्हणून खेळाडू त्याहून रुंद असा उभा चर आभाळापासून पाताळापर्यंत खणत नेतात. आपल्या वनखात्याची माणसे वणव्यासाठी जाळरेषा काढतात, तसेच हे. कोणी चराच्या कडा लाकडाने किंवा विटांनी बांधून घेतात, कारण त्यांना कीड लागत नाही. कोणी गावाभोवती सूर्यफुले लावतात. सूर्यफूल ज्या मातीवर उभे असते, तिथले गवत किडत नाही. कोणी सड अडवण्यासाठी मुद्दाम पावनभूमीचे बी पेरतात, कारण गावातली माणसे सडीत राहायला तयार नसतात, पावनभूमीत मात्र राहतात. हा शेवटचा मार्ग म्हणजे एका सावकाराचे कर्ज दुसऱ्याकडून काढून फेडणे होय. पण संसारात तोही मार्ग कधी पत्करावा लागतो, हे कोण नाकारील?

या कामात शौर्य नाही. अर्धा अर्धा तास सरळ खाली खणत जायचे आणि फळ काय, तर काहीतरी घडले नाही एवढेच. आमच्या कथा-कादंबऱ्यांना घडण्याचे वेड असते. न घडू देण्याची कथा कोणी लिहीत नाही. रात्री उठून कडी लावली आहे की नाही पाहणारी आई, पावसाळ्याआधी कौले शाकारणारा बाप, माळ्यावर बसून पाखरे हाकणारा राखणदार, ही माणसे आपल्या साहित्यात येतात ती कोपऱ्यात. या खेळाने राखण हा मुख्य विषय केला, आणि तोही उपदेश न करता, केवळ नियमांच्या बळावर. मी याला कला म्हणतो.

काहींचा आक्षेप असा येईल की या सडीला हेतू नाही, मन नाही. आंधळ्या योगायोगाने आज हे घर, उद्या ते घर किडत जाते, मग यात नाट्य ते कसले? मला उलट वाटते. कपाशीवरच्या बोंडअळीला तरी हेतू कुठे असतो? दुष्टाला हेतू असला की त्याच्याशी बोलता येते, त्याला लाज वाटायला लावता येते. ज्याला हेतूच नाही त्याच्यापुढे जागे राहणे एवढेच हाती उरते. या खेळातली भीती ही शेतकऱ्याची भीती आहे, म्हणून ती खरी वाटते.

खेळाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे, कारण ती मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आली आहे. पुढच्या प्रवासाला लागणारे द्रव्य याच दोन भूमींच्या पोटात असते. पावनभूमीखालच्या प्राण्यांपासून प्रकाशाचे आत्मे मिळतात, सडीखालच्या प्राण्यांपासून रात्रीचे. एका यांत्रिक राक्षसाला आव्हान देण्यासाठी जी कवटी बनवावी लागते, तिला दोन्ही आत्मे लागतात. म्हणून जाणता खेळाडू सड समूळ उखडत नाही. चारी बाजूंनी चर खणून तिचा एक तुकडा राखून ठेवतो आणि गरज पडली की तिथे उतरतो. वाईटाचा एक वाफा आपल्याच परसात, कुंपण घालून पाळलेला! हा तडजोडीचा धडा म्हणावा की शहाणपणाचा? खेळ उत्तर देत नाही, आणि ते न देण्यातच त्याची प्रौढता आहे. सडीला रोखायचे असते, पण तिच्यावाचून भागतही नाही, ही कोंडी अनेक गाजलेल्या कादंबऱ्यांनाही इतकी स्पष्ट मांडता आलेली नाही.

आता दोष. ड्रायाड नावाची एक वनदेवता गावात राहायला येते. जगाचा किती टक्के भाग सडला आणि किती पावन झाला, हे विचारले की ती सांगते. हिरवळीच्या मालकाला आकडा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण एकदा आकडा हाती आला की मन हिरवळीत राहत नाही, आकड्यात राहते. आम्हा मास्तरांना हा रोग नवा नाही; मुलाचे वाचन बाजूला राहते आणि शेकडा प्रमाण उरते. जग पूर्ण स्वच्छ झाले की वनदेवता शाबासकी देते, आणि त्या शाबासकीसाठी मुले दोन कोटी घरांतले शेवटचे किडके घर शोधत रात्री जागतात. ज्या खेळाने राखण शिकवली, त्यानेच इथे सोवळे शिकवले आहे. वनदेवतेच्या स्वभावातला एक बारकावा मात्र दाद देण्याजोगा आहे. तांबड्या चंद्राच्या रात्री हीच देवता शुद्धीच्या चूर्णाऐवजी सडीचे बी विकते. पहारेकऱ्यावरही पहारा ठेवावा, असे तर खेळाला सुचवायचे नसेल?

दुसरा दोष त्या पंपाचा. खेळ बराच पुढे गेल्यावर एक विक्रेती दोन प्लॅटिनम नाण्यांना फवारणीचा पंप देते. हिरवे द्रावण भरले की सड आणि पावनभूमी दोन्ही धुऊन निघतात; निळे भरले की पावनभूमी होते, जांभळे भरले की सड. औषध आणि विष एकाच नळीतून निघावे हे मार्मिक आहे, यात शंका नाही. पण जे काम कुदळीने आठवडाभर केले, ते फवाऱ्याने एका संध्याकाळी उरकते आणि त्या आठवड्याचा अर्थ पातळ होतो. कादंबरीच्या शेवटी अचानक उगवणारा श्रीमंत मामा वाचकाला जसा खटकतो, तसा हा पंप मला खटकतो. त्यापेक्षा २०२० साली आलेला सौम्य प्रकार मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात हा प्रसार सरळ बंद करून ठेवण्याची सोय आहे. लहान मुलांसाठी ती योग्यच. पण बंद केलेल्या जगात चर खणायचे कारणही राहत नाही, हे तिथे लपवलेले नसते.

एवढे दोष काढूनही माझा निर्णय खेळाच्या बाजूनेच आहे. पुष्कळ कलाकृती आपल्याला वाईटाची भीती शिकवतात. थोड्याच सुंदरावर डोळस नजर ठेवायला शिकवतात. आणि जे ना वाईट ना दिपवणारे, जे केवळ आपले रोजचे आहे, त्याच्यासाठी कष्ट उपसायला लावणारी कृती क्वचितच भेटते. सामर्थ्य मिळवून, राक्षस मारून, सोन्याने घर भरूनही ‘टेरारिया’चा खेळाडू अखेर ज्याची काळजी वाहतो, ते म्हणजे पहिल्या दिवशी पायाखाली असलेले गवत आणि ते दोन ससे.

या सुट्टीत घरातले मूल पडद्यासमोर बसून तासभर नुसती एक सरळ रेषा खाली खणत असलेले दिसले, तर पालकांनी ‘काय वेळ घालवतोस’ असे म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. तो चर कुठून कुठे चालला आहे आणि त्याच्या अलीकडे काय वाचवायचे आहे, एवढे त्याला विचारावे. आणि जमले तर फराळाची बशी त्याच्या हाताशी ठेवावी. काम लांबचे आहे.